सेट झालं का?

चहाचा सेट, दागिन्यांचा सेट, सिनेमाचा सेट, टेनिसचा सेट. 'केस सेट करून आले', 'मुलगा पुण्यात सेट झालाय'. इंग्रजीचा गंध नसलेली माणसंही हा शब्द दिवसभर वापरतात आणि कुणाचा घोटाळा होत नाही. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाची नोंद सर्वांत लांब होती. सुमारे ६०,००० शब्दांची नोंद, आणि नुसत्या क्रियापदाचे अर्थच ४३० च्या घरात! पुढे नव्या आवृत्तीच्या कामात २००० साली 'मेक'नं, २००७ साली 'पुट'नं आणि २०११ साली 'रन'नं हा मान पटकावला. 'रन'चे अर्थ ६४५ भरले. भरोत बापडे. कारागिरांच्या तोंडी जितका 'सेट' ऐकू येतो तितका 'रन' मी तरी ऐकलेला नाही.

इतिहास थोडक्यात उरकतो. समूह या अर्थाचा 'सेट' लॅटिन 'सेक्टा'वरून जुन्या फ्रेंचमार्गे आला. क्रियापदाचं घराणं वेगळं, जर्मानिक. दोन्ही घराणी इंग्रजीत शेजारी राहून एकमेकांत मिसळली. गणितात कँटरनं १८७० च्या दशकात ज्याचा पाया घातला तो सेट, म्हणजे आपला शाळेतला 'संच', पहिल्या घराण्यातला.

मला वेड दुसऱ्याचं. 'सिट'चं प्रयोजक रूप म्हणजे 'सेट', जसं बसणेचं बसवणे. मूळ धातू संस्कृत 'सद्'चा भाऊबंद. सदन, संसद, उपनिषद ही त्याच कुळातली मंडळी. आणि आपलं 'बसवणे' व्युत्पत्तीनं वेगळं असूनही पसाऱ्यात मुळीच कमी नाही. आपण गणपती बसवतो, नाटक बसवतो, फरशी, कवळी, घडी बसवतो. सोनार कोंदणात हिरा बसवतो, हाडवैद्य निखळलेलं हाड बसवतो. या शेवटच्या दोन्ही ठिकाणी इंग्रज 'सेट'च म्हणतो. आमच्या कोशकारांनी 'बसवणे'चे अर्थ चिकाटीनं मोजायला घेतले तर मजा येईल.

आता माझा लाडका कोपरा: सिमेंट. बांधकामावर जाऊन उभं राहायची मला जुनी खोड आहे. गिलावा केल्यावर गवंडी अंगठ्यानं दाबून बघतो आणि 'अजून सेट नाय झालं' म्हणत बिडी शिलगावतो. हीच अंगठ्याची परीक्षा प्रयोगशाळेत सुईनं होते. लुई व्हिका या फ्रेंच अभियंत्याच्या नावानं ओळखलं जाणारं ते उपकरण मी एका महाविद्यालयात तासभर पाहत बसलो होतो. ४० मिलिमीटर खोल साच्यात सिमेंटचा लगदा भरायचा आणि १ मिलिमीटर जाडीची चौकोनी सुई ३०० ग्रॅम वजनासकट त्यात सोडायची. सुरुवातीला सुई सरळ तळाला जाते. काही वेळानं तळापासून ५ मिलिमीटरच्या आसपास अडते. तो सेट होण्याचा आरंभ. साध्या पोर्टलँड सिमेंटमध्ये हा आरंभ ३० मिनिटांच्या आत होता कामा नये आणि शेवट ६०० मिनिटांच्या पुढे जाता कामा नये, असं भारतीय मानक सांगतं. एवढी सवड मिळते ती कारखान्यात क्लिंकर दळताना मिसळलेल्या जिप्समच्या कृपेनं. ते नसेल तर माल घमेल्यातच आवळायचा.

सेट होणं वेगळं आणि मजबूत होणं वेगळं, हे घर बांधणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. स्लॅब दुसऱ्या दिवशी पायाखाली टणक लागतो म्हणून पाणी मारायचा कंटाळा केला की पुढं भेगा मोजत बसायची वेळ येते. ताकदीचा हिशेब धरतात तो २८ दिवसांचा.

स्वयंपाकघरातही हा शब्द अलीकडे घुसलाय. वड्या पूर्वी थापून निवू देत. आता पाककृतीत 'सेट होऊ द्या' असतं. दही मात्र अजून लागतंच, सेट होत नाही, याचा मला आनंद आहे.

पण आपली खरी कमाई 'सेटिंग'. 'त्याची वर सेटिंग आहे' या वाक्यातला अर्थ इंग्रजाला फोड करूनच सांगावा लागेल. टेंडरची सेटिंग, बदलीची सेटिंग, कॉलेजात जमलेल्या जोडीचीही सेटिंगच. आणि प्राध्यापकीसाठी द्यावी लागणारी सेट परीक्षा? ते नुसतं आद्याक्षरांनी जुळलेलं नाव, या कुळाशी त्याचा संबंध नाही. तरी तासिका तत्त्वावर राबणाऱ्या एका तरुण मित्रानं मला ऐकवलं, "सर, नेट झालं, सेट झालं, फक्त मीच सेट व्हायचा राहिलोय."