वाढीव वेळेचा हक्क

दिव्यांग मुलाला परीक्षेत जादा वेळ दिला तर इतरांवर अन्याय होत नाही का, असे शेलूबाजार परिसरातील काही पालक आम्हांस विचारतात. आमचे उत्तर असे : परीक्षा ज्ञानाची असते, हाताच्या वेगाची नव्हे. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनास अडथळा असणाऱ्या दिव्यांगांना तासामागे किमान २० मिनिटे भरपाई वेळ देय होता. तरीही २०२१ च्या 'नीट' परीक्षेत मुंबईच्या केंद्रावर लेखन-अक्षमता असलेल्या विद्यार्थिनीला तो नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने अन्याय मान्य केला. फेरपरीक्षा मात्र मिळाली नाही. म्हणून पालकांनो, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र वेळीच काढा आणि अर्ज भरतानाच ही मागणी नोंदवा. बाबासाहेबांच्या संविधानातील संधीची समानता अशा मिनिटांतूनच परीक्षागृहात पोहोचते.