कप ओठांजवळ येताच हात का थरथरतो?

मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या काहींचा हात मांडीवर ठेवलेला असताना स्थिर असतो. चहाचा कप उचलून ओठांजवळ नेला की मात्र जोरात थरथरतो. पार्किन्सनमध्ये बहुधा उलटे घडते, तिथे कंप विश्रांतीत अधिक दिसतो.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण पोखरते आणि संदेश रेंगाळतात. हाताची हालचाल लहान मेंदू क्षणोक्षणी दुरुस्त करत असतो. ती दुरुस्ती उशिरा पोचली की हात लक्ष्याच्या पुढे जातो, मग गरजेपेक्षा जास्त मागे येतो. कुरुंदवाडच्या घाटाला नाव लावताना वल्ह्याचा फटका उशिरा पडला, तर तीही अशीच डावी-उजवीकडे झोके खाईल.

लहान मेंदूचे संदेश थॅलॅमस या केंद्रातून पुढे जातात. कंप कमी करण्यासाठीच्या डीप ब्रेन स्टिम्युलेशन या शस्त्रक्रियेत तिथे बारीक तार बसवतात. गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत ठेवलेले यंत्र तिच्यातून सेकंदाला शंभराहून अधिक सूक्ष्म विद्युतस्पंद सोडते आणि कंपाची लय मोडते. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे आलिम-लुई बेनाबीद यांनी १९८७ मध्ये ही वाट खुली केली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी अशा शस्त्रक्रिया केल्या आहेत, मुख्यतः पार्किन्सनसाठी.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मात्र यश बेभरवशाचे. यंत्र मूळ आजाराला हात लावत नाही. अशक्तपणा, बधिरता तशीच राहते आणि आजार सरकला की फायदाही ओसरू शकतो. शिवाय मेंदूत रक्तस्राव, जंतुसंसर्ग यांचा धोका असतो. म्हणून औषधांनी गुण न आलेल्या, पण हातात पुरेसे बळ उरलेल्या निवडक रुग्णांसाठीच या शस्त्रक्रियेचा विचार होतो.