पडेल हे धरूनच बांधलेलं विमान

फवारणीचं विमान पिकाच्या शेंड्यांपासून जेमतेम तीन मीटरवरून, ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जातं. इंजिन गप्प झालं की वैमानिकाच्या हाती उरतो तो हा वेग. नाक वर घेऊन त्याची उंची करायची. दोनशेचा वेग एकशेवीसवर आणला, तर हवेचा विरोध न धरता कागदावर शंभरेक मीटर उंची मिळते. प्रत्यक्षात पुष्कळ कमी.

तीही मिळायची तर आधी भार टाकावा लागतो. एअर ट्रॅक्टर 802 या विमानाच्या हॉपरमध्ये सुमारे 3,000 लिटर द्रावण मावतं. एवढं ओझं घेऊन वेग उतरला की पंख हवा सोडतात आणि विमान दगडासारखं खाली येतं. दाट वस्तीवरून फवारणी करणाऱ्या विमानाला निम्मा भार 45 सेकंदांत टाकता आला पाहिजे, असा अमेरिकेचा नियम आहे. तीन मीटरवर असलेल्या माणसाकडे 45 सेकंद कुठले? म्हणून भार सोडायच्या दांड्यावर हात आपोआप जाईल इतका सराव लागतो.

सर्वांत घातक जागा म्हणजे शेताच्या टोकाचं वळण. विमान कलतं, वेग घटलेला असतो आणि धावपट्टी मागे दिसत असते. तिकडे परतायचा मोह जीव घेतो. पंख सरळ करून समोर जे असेल तिथे, शक्यतो सऱ्यांच्या दिशेनेच उतरावं. पाणी भरलेल्या भातखाचरात मात्र चाकं चिखलात रुततात आणि विमान उलटतं.

विमानातून पिकांवर औषध टाकण्याचा पहिला प्रयोग ऑगस्ट 1921मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत झाला. जॉन मॅक्रेडी या लष्करी वैमानिकाने कटाल्पाच्या झाडांवर अळीसाठी लेड आर्सेनेटची भुकटी उडवली. त्यानंतर बराच काळ या कामाला दुसऱ्याच कामासाठी बनलेली, बहुधा लष्कराने काढून टाकलेली विमानं जुंपली गेली. वैमानिक मरत राहिले, आणि तो धंद्याचा भाग मानला गेला.

ही समजूत ह्यू डीहेवनने मोडली. 1917मध्ये, वैमानिकीचं शिक्षण घेताना, टेक्ससमध्ये हवेतल्या टकरीतून तो वाचला. पण पट्ट्याच्या बकलने त्याच्या पोटातले अवयव फाडले. माणूस पडल्याने मरतो की आतल्या वस्तूंवर आपटून, हा प्रश्न त्याने धरून ठेवला आणि 1942पासून कॉर्नेल विद्यापीठात त्याचा अभ्यास केला. फ्रेड वाइक या अभियंत्याने ते ज्ञान वापरून टेक्ससमध्ये 'एजी-1' हे खास शेतीसाठीचं विमान 1950मध्ये उडवलं. पुढे इंजिन, मग हॉपर आणि त्यामागे उंचावर वैमानिक. आपटल्यावर आधी पुढचा सांगाडा चुरगळावा, कॉकपिट सर्वांत शेवटी. खांद्यावरचे पट्टे पक्के. मला हे विमानविद्येतलं मोठं काम वाटतं, कारण यात अपघाताची लाज बाळगलेली नाही.

याच विचारातून पायपर कंपनीचं पॉनी आलं. सुमारे 5,000 विमानं बनली. दोष त्यातही होता. सुरुवातीच्या पॉनीत पेट्रोलची टाकी वैमानिकापुढे, विमानाच्या धडातच होती, म्हणजे धडकेतून वाचलेल्याला आगीचं भय. ती पुढे पंखांत गेली. आपल्याकडे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने 1972मध्ये उडवलेल्या 'बसंत'मध्येही वैमानिक हॉपरच्या मागे, उंचावरच बसत असे.

टर्बाइन इंजिनं आली आणि बिघाड कमी झाले. तरी इंधनात पाणी शिरतं, देखभाल चुकते, इंधन संपतं.

महाराष्ट्रात आता फवारणीचे ड्रोन गावोगाव दिसतात. त्यात माणूस नसतो, पण साधारण दहा लिटर औषध डोक्यावरून फिरतं आणि चालवणारा बांधावरच उभा असतो. ड्रोन घेणाऱ्या शेतकरी गटांनी विक्रेत्याला आधी हेच विचारावं, की मोटर बंद पडली तर हे यंत्र काय करेल आणि कुठे पडेल. उत्तर मिळेपर्यंत शेतात मजूर आणि मुलं उभी करू नयेत.