मांसाचे काप करणारे घरगुती यंत्र

युरोपातील अनेक देशांत आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शिजवून थंड केलेल्या मांसाचे पातळ काप पावाबरोबर खाण्याची पद्धत आहे. असे काप ज्या दुकानांत मिळतात, त्यांना अमेरिकेत 'डेली' असे म्हणतात. तेथील कित्येक कुटुंबे मांस घरीच भाजतात आणि एका लहानशा यंत्रावर त्याचे काप करतात. मिठाचे प्रमाण त्यामुळे आपल्या हाती राहते. मात्र हे यंत्र घेणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे : ज्या पातळपणासाठी ते घ्यावयाचे, त्या पातळपणातच त्याचा धोकाही दडलेला आहे.

यंत्राचा जन्म

हॉलंडमधील रॉटरडॅम शहरी विल्हेल्म व्हान बेर्केल नावाचा खाटीक राहत असे. हाताने केलेले काप कोठे जाड, कोठे पातळ होत आणि वेळही पुष्कळ लागे. इ. स. १८९८ मध्ये त्याने यावर उपाय शोधला. मांस एका सरकत्या गाड्यावर ठेवावयाचे आणि हाताने चाक फिरवून ते एका फिरत्या, किंचित अंतर्गोल पात्याकडे न्यावयाचे, अशी ती योजना होती. आजच्या घरगुती यंत्रात पाते विजेच्या मोटारीने फिरते आणि गाडा हाताने सरकवितात. परंतु मूळ तत्त्व तेच आहे.

पाते कसे कापते?

पिकलेल्या टोमॅटोवर सुरी नुसती दाबली, तर तो चेपतो. तीच सुरी पुढेमागे ओढली, की साल सहज चिरली जाते. कापण्यासाठी लागणारे कार्य खालचा दाब आणि आडवी गती या दोहोंत विभागले जाते. आडवी गती जितकी अधिक, तितका दाब कमी पुरतो. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ साली चेडर चीज व सलामी यांवर केलेल्या प्रयोगांचा अहवाल प्रसिद्ध करून हे तत्त्व स्पष्ट केले. गोल पात्याची धार अखंड आडवी धावत असते. म्हणून मांस हलकेच पुढे सारले तरी त्याचा आकार न बिघडता काप निघतो. बोथट पात्याला मात्र जोर लावावा लागतो. काप फाटतो आणि हातही घसरण्याची भीती असते.

कोणते यंत्र घ्यावे?

घरगुती यंत्रांची पाती साधारणतः १८ ते २५ सेंटिमीटर व्यासाची असतात. मोठ्या पात्यावर रुंद तुकडा मावतो. पण यंत्र जड होते व जागा अडवते. गुळगुळीत धारेचे पाते मांसाचे तलम काप काढते. दातेरी पाते पावासारख्या टणक कवचाच्या पदार्थांना बरे. जाडी ठरविणारी पट्टी घट्ट बसणारी असावी; ती हलू लागली, की काप एका बाजूला जाड होतो. लहान मोटारी लवकर तापतात, म्हणून सलग किती मिनिटे यंत्र चालवावे, हे माहितीपत्रकात पाहून घ्यावे. परंतु सर्वांत महत्त्वाची कसोटी निराळीच आहे. पाते, गाडा आणि दाबपट हे भाग सहज सुटे होतात काय, आणि मांसाचे कण अडकून राहतील अशा फटी यंत्रात किती आहेत, हे आधी पाहावे.

मांसाची तयारी

मांसाला मीठ लावून ते रात्रभर शीतकपाटात ठेवतात व दुसऱ्या दिवशी मंद आचेच्या भट्टीत भाजतात. ते आतपर्यंत शिजले की नाही, हे रंगावरून ठरवू नये. मध्यभागी तापमापक खुपसून पाहावे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमाप्रमाणे कोंबडी व टर्की यांना ७४ अंश सेंटिग्रेड लागतात. गाय वा डुक्कर यांच्या अखंड तुकड्याला ६३ अंश व त्यानंतर ३ मिनिटांची विश्रांती पुरते. भाजलेले मांस त्वरित थंड करावे. कोमट स्थितीत ते फार वेळ राहिल्यास उष्णतेतून तगलेल्या बीजाणूंपासून जंतू पुन्हा वाढू लागतात.

गरम मांसातील चरबी व जिलेटिन मऊ असतात. पात्यापुढे ते वाकते व चुरते. रात्रभर थंड केल्यावर हेच पदार्थ घट्ट होतात. कापण्यापूर्वी अर्धा ते एक तास बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास काप अधिकच सुबक निघतात. मात्र मांस गोठून दगड होऊ देऊ नये. तंतूंच्या आडव्या दिशेने कापावे, म्हणजे तंतू आखूड होऊन घास मऊ लागतो.

पृष्ठभागाचे गणित

१० सेंटिमीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच व २० सेंटिमीटर लांब असा मांसाचा ठोकळा घेतला, तर त्याचे एकूण पृष्ठफळ १,००० चौरस सेंटिमीटर भरते. त्याचे २ मिलिमीटर जाडीचे १०० काप केले, की ते २०,८०० चौरस सेंटिमीटर होते. मांस तेवढेच, परंतु उघडा पृष्ठभाग जवळजवळ २१ पट! त्यातील बहुतेक भागाला पात्याचा स्पर्श झालेला असतो. पात्यावर जंतू असतील, तर ते प्रत्येक कापावर पसरू शकतात.

यांपैकी लिस्टेरिया हा जंतू विशेष घातक आहे, कारण तो शीतकपाटाच्या थंडीतही हळूहळू वाढतो. कॅनडात २००८ साली त्याची साथ आली. ५० हून अधिक लोक आजारी पडले व २० हून अधिक दगावले. टोरोंटो येथील एका कारखान्याकडे तिचा माग निघाला. कापणी-यंत्रांच्या आतल्या, रोजच्या सफाईत न उघडणाऱ्या भागांत जंतूंनी आश्रय घेतला असावा, असे तपासात आढळले.

सफाई व सुरक्षितता

सफाईपूर्वी विजेची पिन काढावी, जाडी शून्यावर आणावी व न कापले जाणारे हातमोजे घालावेत. सुटे भाग साबणाच्या गरम पाण्याने धुऊन विसळावेत. नंतर सुमारे ४ लिटर पाण्यात १५ मिलिलिटर साधे ब्लीच मिसळून ते पाणी त्यांना लावावे व भाग हवेतच वाळू द्यावेत. मोटारीचा भाग पाण्यात बुडवू नये. काप ४ अंश वा त्याखाली ठेवून ३ ते ४ दिवसांत संपवावेत. गर्भवती स्त्रिया, वृद्ध व अशक्त व्यक्ती यांनी ते वाफ येईपर्यंत तापवून खाणे हितावह आहे.

मांस पुढे सारताना बोटे नव्हे, तर दाबपटच वापरावा. अखेरचा लहान तुकडा सुरीने कापावा. अमेरिकेत १८ वर्षांखालील मुलांना नोकरीत असे विजेचे यंत्र चालविण्यास, इतकेच नव्हे तर साफ करण्यासही, कायद्याने बंदी आहे. घरीही हाच दंडक पाळणे श्रेयस्कर होय. जे यंत्र पूर्णपणे उघडून स्वच्छ करता येते, तेच घरात आणण्यास योग्य समजावे.