गरोदरपणाच्या अखेरच्या तिमाहीतील खुबा व श्रोणिवेदना : स्वरूप, उपाय आणि कार्यस्थळाची जबाबदारी

प्रस्तावना :

मातृत्व ही स्त्रीच्या जीवनातील महत्त्वाची अवस्था मानली जाते. आपल्या समाजात या अवस्थेचे कौतुक डोहाळजेवणासारख्या प्रसंगांतून होते. परंतु त्या काळातील शारीरिक त्रासाकडे मात्र 'हे असेच असायचे' या दृष्टीने पाहिले जाते. सातव्या महिन्यानंतर खुब्यात, जांघेत, कमरेच्या खाली किंवा ओटीपोटाच्या पुढील हाडावर होणारी वेदना हे याचे ठळक उदाहरण होय. कूस बदलताना कळ येणे, जिना चढताना पाय न उचलणे, फार वेळ उभे राहता न येणे अशा तक्रारी घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया ऐकतात आणि 'आता दिवस भरत आले, थोडे सोसावे लागते' असे सांगून मोकळ्या होतात. पाच गर्भवती स्त्रियांपैकी साधारणपणे एकीला या वेदनेचा त्रास होतो, असे आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शिकांत नमूद आहे. तथापि एखादी तक्रार सर्वत्र आढळते म्हणून ती दुर्लक्षणीय ठरत नाही. प्रस्तुत लेखात या वेदनेचे स्वरूप, तिची कारणे, दैनंदिन जीवनात करता येण्याजोगे उपाय, धोक्याची चिन्हे आणि महाविद्यालयासारख्या कार्यस्थळाची जबाबदारी यांचे विवेचन केले आहे.

श्रोणीची रचना :

श्रोणी म्हणजे धड आणि पाय यांना जोडणारे हाडांचे कडे. दोन्ही बाजूंची श्रोणिफलके, मागील बाजूचे त्रिकास्थि आणि त्याखालील माकडहाड मिळून हे कडे तयार होते. मागील बाजूस त्रिकास्थि व श्रोणिफलके यांच्यामध्ये दोन सांधे असतात, तर पुढील बाजूस दोन्ही जघनास्थी कूर्चेच्या साहाय्याने जघनसंधीत एकत्र येतात. शरीराचा वरचा सर्व भार मागील दोन सांध्यांतून खुब्याकडे व तेथून पायांकडे जातो. हे सांधे दोन प्रकारे स्थिर राहतात : हाडांच्या परस्परांत बसणाऱ्या आकारामुळे आणि भोवतालचे स्नायू व अस्थिबंध यांच्या आवळण्यामुळे. गरोदरपणात अस्थिबंध सैल होऊ लागतात. त्यामुळे सांध्यांना स्थिर ठेवण्याचे बरेचसे काम स्नायूंवर येऊन पडते.

वेदनेची कारणे :

१९२६ मध्ये फ्रेडरिक हिसॉ या शास्त्रज्ञाने गिनी पिग या प्राण्यावरील प्रयोगांतून जघनसंधीचे अस्थिबंध सैल करणाऱ्या संप्रेरकाचा शोध लावला. हेच संप्रेरक पुढे 'रिलॅक्सिन' या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यामुळे या वेदनेचे सर्व खापर दीर्घकाळ रिलॅक्सिनवर फोडण्यात आले. मात्र मानवी गरोदरपणात या संप्रेरकाचे प्रमाण पहिल्या तिमाहीत सर्वाधिक असते, तर वेदना बहुधा उत्तरार्धात वाढते. शिवाय रक्तातील रिलॅक्सिनचे प्रमाण आणि वेदनेची तीव्रता यांचा निश्चित संबंध अभ्यासांतून सिद्ध झालेला नाही.

म्हणून आज या वेदनेकडे अनेक कारणांचा एकत्रित परिणाम म्हणून पाहिले जाते. सांध्यांची वाढलेली हालचाल, वाढते वजन, पुढे सरकलेला गुरुत्वमध्य, ताणलेले पोटाचे स्नायू आणि शरीराच्या दोन्ही बाजूंवर पडणारा असमान भार ही त्यांतील प्रमुख कारणे होत. ज्या स्त्रियांना पूर्वी कंबरदुखी झालेली आहे, श्रोणीला इजा झालेली आहे किंवा आधीच्या गरोदरपणात असाच त्रास झालेला आहे, त्यांना ही वेदना होण्याची शक्यता अधिक असते.

जघनसंधीतील अंतर सामान्यतः ४ ते ५ मिलिमीटर असते व गरोदरपणात ते २ ते ३ मिलिमीटरने वाढते. ही वाढ नैसर्गिक असून प्रसूतीस साहाय्यक ठरते. १० मिलिमीटरपेक्षा अधिक अंतर मात्र विकृती समजले जाते. या अंतराचे व वेदनेचे प्रमाण नेहमी सारखे नसते, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे.

'कॅल्शियम कमी पडले म्हणून हाडे दुखतात' हा समज आपल्याकडे सार्वत्रिक आहे. केंद्र शासनाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गर्भवतीला १४ व्या आठवड्यापासून रोज १ ग्रॅम कॅल्शियम दोन गोळ्यांत विभागून देण्यात येते. माता व बालक यांच्या आरोग्यासाठी त्या घेणे आवश्यकच आहे. परंतु श्रोणिवेदनेवरील तो उपचार नव्हे. दुसऱ्या बाजूस, जीवनसत्त्व 'ड'च्या तीव्र अभावामुळे हाडे मृदू होण्याचा विकार जडला असेल, तर त्याचीही वेदना याच भागात जाणवते. म्हणून दीर्घकाळ टिकणाऱ्या तीव्र वेदनेत वैद्यकीय तपासणीला पर्याय नाही.

लक्षणे व निदान :

ही वेदना प्रामुख्याने कमरेच्या हाडाच्या मागील कडेपासून नितंबाच्या खालच्या घडीपर्यंतच्या भागात जाणवते. काही स्त्रियांत ती मांडीच्या मागील बाजूस उतरते, तर काहींत जघनसंधीवर व जांघेत केंद्रित होते. एका पायावर भार घेणे, मांड्या फाकवणे, अंथरुणात कूस बदलणे व खुर्चीतून उठणे या हालचालींनी ती वाढते.

निदान मुख्यतः लक्षणे व शारीरिक तपासणी यांवरून केले जाते. एका चाचणीत स्त्रीला उताणी झोपवून सरळ पाय सुमारे २० सेंटिमीटर उचलण्यास सांगतात. पाय जड वाटत असेल आणि श्रोणीला दोन्ही बाजूंनी हाताने दाब दिल्यावर तोच पाय सहज उचलला जात असेल, तर भार वाहून नेण्याची यंत्रणा दुबळी झाली आहे असे समजले जाते. श्रोणीवर योग्य प्रकारे बांधलेला पट्टा काही स्त्रियांना आराम का देतो, याचाही उलगडा या चाचणीतून होतो.

दैनंदिन जीवनातील उपाय :

या वेदनेच्या व्यवस्थापनाचे सूत्र साधे आहे : दोन्ही बाजूंवर सारखा भार, गुडघे जवळ आणि हालचाली लहान. त्यानुसार पुढील गोष्टी उपयुक्त ठरतात.

१. झोप : २८ व्या आठवड्यानंतर उताणे न झोपता कुशीवर झोपावे. दोन्ही गुडघे व घोटे यांच्यामध्ये उशी ठेवावी. कूस बदलताना गुडघे एकत्र ठेवून खांदे व कंबर एकाच वेळी वळवावी.

२. उठणे-बसणे : जमिनीवर मांडी घालून किंवा एक पाय दुमडून बसणे टाळावे, पाठीला आधार असलेली खुर्ची वापरावी. परकर, सलवार इत्यादी वस्त्रे उभ्याने एका पायावर तोल सावरत न घालता बसून घालावीत.

३. चालणे व जिना : पावले लहान टाकावीत. जिना चढताना कमी दुखणारा पाय आधी वर ठेवावा, उतरताना अधिक दुखणारा पाय आधी खाली ठेवावा. पायरीपायरीवर दोन्ही पाय एकत्र आणावेत व कठड्याचा आधार घ्यावा.

४. ओझे : मोठ्या मुलाला कडेवर घेणे, कमरेवर कळशी किंवा एका हातात जड पिशवी धरणे यांमुळे श्रोणीच्या एकाच बाजूवर ताण येतो. ही कामे घरातील इतरांनी वाटून घ्यावीत.

५. प्रवास : दुचाकीवर एका बाजूस पाय सोडून बसल्याने कंबर पिळली जाते. रिक्षा किंवा मोटारीत आधी बसून मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. एस. टी.च्या उंच पायरीवर चढताना दुसऱ्याचा हात जरूर घ्यावा.

६. व्यायाम : श्रोणितळाचे, पोटाच्या खोलवरच्या थरातील व नितंबाचे स्नायू बळकट करणारे सौम्य व्यायाम भौतिकोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावेत. गरोदरपणाच्या योगवर्गात बद्धकोनासनासारखी मांड्या फाकवणारी आसने सर्वांनाच शिकवली जातात. जघनसंधीत वेदना असणाऱ्या स्त्रीने ती वेदनेच्या मर्यादेपलीकडे करू नयेत. बाळंतपण सोपे व्हावे म्हणून उकिडवे बसून फरशी पुसण्याचा सल्लाही अशा स्त्रीला लागू पडत नाही.

७. पट्टा व शेक : खुब्याच्या पातळीवर बांधलेला पट्टा उभे राहताना व चालताना काही काळ वापरता येतो, तो दिवसभर आवळून ठेवू नये. कमरेवर कोमट शेक घेण्यास हरकत नाही.

८. औषधे : पॅरासिटामॉलही वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गटातील वेदनाशामके औषधांच्या दुकानातून परस्पर आणून घेणे गर्भास घातक ठरू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये २० व्या आठवड्यापासूनच ती टाळण्याचा इशारा दिला आहे.

या उपायांविषयी अवास्तव अपेक्षा ठेवणे मात्र योग्य नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोक्रेन आढाव्यात ३४ चाचण्या व ५,१२१ गर्भवती स्त्रियांचा विचार करण्यात आला. कंबरदुखीत व्यायामाचा लाभ दिसून आला. श्रोणिवेदनेबाबतचा पुरावा मात्र तुलनेने कमकुवत आढळला. म्हणजेच वेदना पूर्ण नाहीशी करण्यापेक्षा ती आटोक्यात ठेवून हालचाल व झोप टिकवणे हे वास्तववादी ध्येय होय.

धोक्याची चिन्हे :

प्रत्येक वेदना श्रोणीच्या सैलपणामुळेच होते असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. पुढील लक्षणे आढळल्यास तत्काळ रुग्णालयात जावे.

- ३७ आठवड्यांपूर्वी ठरावीक अंतराने पोट कडक होणे, रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे अथवा बाळाची हालचाल मंदावणे;
- ताप, थंडी किंवा लघवीच्या वेळी जळजळ;
- एकाच पायाला सूज, लाली व पोटरीत दुखणे;
- मांड्यांच्या आतील भागात बधिरता, पायातील शक्ती कमी होणे किंवा लघवी व शौचावरील ताबा सुटणे;
- जांघेत एकाएकी तीव्र वेदना होऊन पायावर भार टाकता न येणे.

शेवटच्या लक्षणामागे खुब्याच्या हाडाची तात्पुरती विरळता हा दुर्मीळ विकार असू शकतो. १९५९ मध्ये कर्टिस व किनकेड यांनी गर्भवती स्त्रियांमध्ये त्याची प्रथम नोंद केली. त्याकडे दुर्लक्ष झाल्यास खुब्याचे हाड मोडण्याचा संभव असतो. तसेच विश्रांतीतही न थांबणारी वेदना, संध्याकाळचा ताप व वजन न वाढणे ही लक्षणे एकत्र दिसल्यास आपल्या देशात हाडांच्या क्षयरोगाचा विचार करावाच लागतो. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत २०१६ पासून दरमहा ९ तारखेस शासकीय आरोग्य केंद्रांत मोफत तपासणीची सोय आहे. तेथे रक्तदाब व रक्तातील हिमोग्लोबिन यांच्याबरोबर 'चालताना, कूस बदलताना दुखते का' हा प्रश्नही विचारला जाणे इष्ट आहे.

प्रसूती व त्यानंतर :

केवळ श्रोणिवेदना आहे म्हणून शस्त्रक्रियेने प्रसूती करण्याची सहसा गरज नसते. मात्र मांड्या वेदनेविना किती फाकवता येतात याची मर्यादा आधीच मोजून ती प्रसूतिकक्षातील डॉक्टर व परिचारिकांना सांगून ठेवावी. कुशीवर किंवा गुडघे व हात टेकून राहण्याची स्थिती अशा स्त्रीला अधिक सोयीची असते. पाठीतून भूल दिलेली असताना वेदना जाणवत नाही व पाय मर्यादेपेक्षा अधिक ताणले जाऊ शकतात. म्हणून तेथे विशेष काळजी घ्यावी. बहुसंख्य स्त्रियांत प्रसूतीनंतर काही महिन्यांत ही वेदना ओसरते. काहींत ती टिकून राहते. अशा स्त्रीला 'आता तर बाळंतपणही झाले' असे म्हणून गप्प न करता भौतिकोपचाराकडे पाठवावे.

महाविद्यालयाची जबाबदारी :

अध्यापन हा उभ्याने करण्याचा व्यवसाय आहे. लागोपाठच्या तासिका, मजल्यांची चढउतार, परीक्षा पर्यवेक्षणातील तीन-तीन तासांच्या फेऱ्या हे सारे श्रोणीवर ताण आणणारे आहे. मातृत्व लाभ अधिनियम, १९६१ मध्ये याची दखल घेतली गेली होती. अपेक्षित प्रसूतीपूर्वीच्या सहा आठवड्यांच्या आधीचा एक महिना, तसेच त्या सहा आठवड्यांत रजा न घेतलेला काळ, यांत गर्भवती स्त्रीने विनंती केल्यास तिला कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देता येत नाही, अशी ही तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ती कायम आहे. ज्यांना स्वतंत्र सेवानियम लागू आहेत अशा संस्थांसाठीही हे तत्त्व मार्गदर्शक मानावयास हरकत नाही.

या तरतुदीचा आरंभ साधारणतः ३० व्या आठवड्याच्या सुमारास होतो, म्हणजे नेमका ही वेदना वाढू लागते तेव्हा. परंतु तरतुदीतील 'विनंती केल्यास' हे शब्द महत्त्वाचे आहेत. जी स्त्री स्वतःच्या वेदनेला वेदना मानत नाही, ती विनंती करणार कशी? तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापिकेची स्थिती तर अधिकच बिकट असते. तास बुडाला की मानधन बुडते, म्हणून ती अखेरच्या दिवसापर्यंत उभी राहते. या पार्श्वभूमीवर पुढील गोष्टी कोणत्याही महाविद्यालयास अल्प खर्चात करता येतील : तळमजल्यावरील वर्गखोली देणे, व्यासपीठावर उंच खुर्ची ठेवणे, दोन तासिकांमध्ये विश्रांती देणे, पर्यवेक्षणाऐवजी बैठे काम सोपवणे, कमोड असलेले स्वच्छतागृह उपलब्ध करणे आणि गर्भवती विद्यार्थिनींना परीक्षेत सोयीची आसनव्यवस्था देणे.

समारोप :

गरोदरपणातील श्रोणिवेदना बहुधा जीवघेणी नसते. म्हणूनच ती दुर्लक्षित राहते. तिचे योग्य निदान झाल्यास साध्या सवयी, मार्गदर्शित व्यायाम व घरातील माणसांची साथ यांच्या बळावर ती सुसह्य होते. निदानच न झाल्यास मात्र त्याच तक्रारीआड दडलेला गंभीर विकार नजरेतून सुटू शकतो. सोशिकता हा गुण मानणाऱ्या समाजात स्त्रीला 'मला दुखते आहे' हे सांगता यावे आणि ऐकणाऱ्याने 'कोठे, केव्हा, कशाने' असे विचारावे, ही या वेदनेवरील उपचाराची पहिली पायरी होय. घर, रुग्णालय आणि महाविद्यालय या तिन्ही ठिकाणी ती पायरी चढली जाणे आवश्यक आहे.