ड्रायव्हर बदलला म्हणून कार्ड म्हातारं होतं का?

"बाबा, नव्या ड्रायव्हरनं आपलं कार्ड मारलं!" शनिवारी सकाळी चहाचा पहिला घोट घेतोय, तोच चिरंजीव बेसमेंटमधून ओरडत वर आले. भारतातून आलेली माझी आई दचकली. "अगं बाई! कुणाचा ड्रायव्हर? लागलं का रे कुणाला?"

लागलं कुणालाच नव्हतं. तक्रार होती कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाची. मोठ्या लेकीनं २०१६ साली घेतलेलं हे सहा गीगाबाइटचं कार्ड आता धाकट्याकडे वारसाहक्कानं आलेलं. रात्री अपडेट केलं आणि खेळ अडखळू लागला. नवीन कार्डासाठी, उन्हाळ्यात शेजाऱ्यांचं गवत कापून साठवलेले सगळे पैसे घालायची त्याची तयारी होती. "कंपन्या जुनी कार्डं मुद्दाम हळू करतात, सगळे म्हणतात!"

सगळे म्हणतात, पण मोजलं कुणी? आम्ही वही-पेन घेऊन बसलो.

वाचकहो, हा ड्रायव्हर म्हणजे खेळ आणि कार्ड यांच्यामधला दुभाषी. खेळाच्या सर्वसाधारण आज्ञांचं तो त्या कार्डाच्या बोलीत भाषांतर करतो. भाषांतर चांगलं, तर तेच कार्ड जास्त पळतं. मोठा खेळ आला की कंपनीचे इंजिनिअर हे भाषांतर घासूनपुसून घेतात. मात्र हे लाड बहुधा नव्या कार्डांचेच होतात.

गाजलेलं उदाहरण २०१२ सालचं. एएमडीचं रेडिऑन एचडी ७९७० आणि एनव्हिडियाचं जीटीएक्स ६८० समोरासमोर उभी ठाकली. सुरुवातीला ६८० चं पारडं जड होतं. पुढे नव्या खेळांत ७९७० नं त्याला मागे टाकलं. लोक म्हणाले, घातपात! कारणं साधी होती. ७९७० वर मेमरी ३ गीगाबाइट, ६८० वर २. शिवाय २०१३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनमध्येही ७९७० च्याच घराण्यातली रचना होती. ६८० च्या 'केप्लर' रचनेत १९२ गणनघटकांचा एकेक गट. तो पुरता कामाला जुंपायला ड्रायव्हरचं कसब लागे. २०१४ च्या 'मॅक्सवेल'मध्ये हा गट १२८ चा झाला. मे २०१५ मध्ये 'द विचर ३' आला, तेव्हा केप्लरवाल्यांनी ओरड केली आणि महिनाअखेरच्या ३५३.०६ या ड्रायव्हरनं त्यांचा वेग सुधारला. म्हणजे कुणी विष कालवलं नव्हतं. लक्ष कमी पडलं असावं.

आता आमची वही. पहिल्या फेरीत खेळ अडखळला खरा, पण तिसऱ्या फेरीत सुरळीत! नवा ड्रायव्हर घातला की आधी साठवलेली भाषांतरं, म्हणजे शेडर कॅश, पुन्हा तयार करावी लागतात. मग जुना ड्रायव्हर परत घालून पाहिला. जुन्या खेळात फरक एक-दोन फ्रेम्सचा. अगदी नवा खेळ मात्र दोन्ही ड्रायव्हरांवर अडखळत होता, कारण सहा गीगाबाइट भरून जात होते. टेक्स्चर 'हाय'वरून 'मीडियम'वर आणलं, आणि तोही चालू लागला.

कधी ड्रायव्हर खरोखरच सदोष असतो. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला १९६.७५ मागे घ्यावा लागला. पंखे नीट न चालल्यानं कार्डं तापत होती. म्हणून अपडेटपूर्वी जुन्या ड्रायव्हरचा क्रमांक लिहून ठेवावा, खेळातला एकच प्रसंग तीनदा मोजावा, आणि पहिल्या फेरीवर निकाल देऊ नये.

एक दिवस अपडेट थांबतातच. ७९७० च्या पिढीचे नियमित अपडेट २०२१ मध्ये थांबले. मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांना खेळांसाठीचा शेवटचा ड्रायव्हर २०२५ मध्ये मिळाला. सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत देऊ, असं एनव्हिडियानं जाहीर केलं आहे. त्या जरूर घ्याव्यात. कार्ड त्या दिवशी बंद पडत नाही. नव्या खेळांत त्याची बाजू घेणारं कुणी उरत नाही, एवढंच.

चिरंजीवांचे पैसे तूर्त बँकेतच आहेत. सगळं ऐकून आई म्हणाली, "म्हणजे म्हाताऱ्याला कुणी मारत नाही रे, फक्त विचारत नाही." मी मुकाट्यानं तिच्यासाठी चहा टाकला.