खाडीवरची कागदी उडती नौका

विमाने रचण्याचे संगणकीय खेळ वरच्या वर्गांतील मुलांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. पंख, इंजिन, शेपूट जोडायचे आणि विमान उडते का ते पाहायचे. अशा खेळात एक काल्पनिक ‘उडती नौका’ रचायला दिली, तर प्लावक बल, उचल आणि रोध हे तिन्ही धडे एकाच कामात येतात. समजा, शीळफाट्याच्या विद्यार्थ्यांनी पारसिकच्या डोंगरापलीकडील ठाण्याच्या खाडीसाठी ती रचायचे ठरवले. त्यांना काय काय पाहावे लागेल?

आधी एक फरक लक्षात घेऊ. डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीजवळ पाण्यावर उतरवून दाखवलेले कोडियाक हे तरंडे लावलेले विमान होते. उडत्या नौकेत विमानाचे धड हीच होडी असते. १९३८ च्या सुमारास इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मार्गावरच्या अशा नौका राजस्थानातील राजसमंद तलावावर उतरत.

आपल्या नौकेचे भरलेले वस्तुमान ५,००० किलोग्रॅम धरू. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तरंगण्यासाठी तिने तेवढ्याच वस्तुमानाचे पाणी बाजूला सारले पाहिजे. समुद्राच्या पाण्याची घनता दर घनमीटरला सुमारे १,०२५ किलोग्रॅम असते, म्हणून ४.९ घनमीटर पाणी सारावे लागेल. धड अरुंद आणि पंख उंचावर असल्याने नौका कलंडू शकते. त्यासाठी पंखांच्या टोकांजवळ छोटे तरंडे लावतात. तुषारांपासून वाचवण्यासाठी इंजिनेही उंचावर बसवतात.

आता उचल पाहू. पंखांचे क्षेत्रफळ ४० चौरस मीटर, उचलीचा गुणांक २ आणि हवेची घनता १.२२५ घ्या. उचल = ½ × घनता × वेग² × क्षेत्रफळ × गुणांक. ही उचल ४९,००० न्यूटन वजनाइतकी होण्यास वेगाचा वर्ग १,००० हवा. म्हणजे वेग सेकंदाला सुमारे ३२ मीटर, ताशी ११४ किलोमीटर.

खरी अडचण इथेच आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन. त्यातून हा वेग गाठायचा, तर नौकेने पाणी कापत न जाता त्यावरून घसरत गेले पाहिजे. पण वक्र तळाला पाणी चिकटते आणि नौकेला खाली ओढते. वर्गात हे सहज दाखवता येईल. चमचा दांड्याच्या टोकाला सैल धरून त्याची फुगीर बाजू नळाच्या धारेला लावा. चमचा धारेकडे ओढला जातो. पेल्यातून पाणी हळू ओतले तर ते बाहेरच्या बाजूने ओघळते, पण किटलीच्या धारदार चोचीवरून ते सुटून पडते. उडत्या नौकेच्या तळाला याच कारणासाठी एक आडवी ‘पायरी’ असते. तिच्या कडेवरून पाणी सुटते, मागे हवा शिरते आणि रोध घटतो. पायरी गुरुत्वमध्याच्या किंचित मागे ठेवतात, म्हणजे उड्डाणाच्या वेळी नाक वर उचलता येते.

मुलांनी हीच नौका एकदा पायरीसह आणि एकदा पायरीशिवाय खेळात चालवून पाहावी. दोन्ही वेळा ती सारख्याच अंतरात उडाली, तर त्या खेळातले पाणी खऱ्या पाण्यासारखे वागत नाही, असे समजावे. प्रतिरूप कोठवर विश्वासार्ह आहे हे तपासणे, हाही विज्ञानाचाच भाग आहे.

शेवटी जागेचा विचार. सरासरी त्वरण सेकंदवर्गाला १ मीटर धरले, तर उड्डाणापूर्वी ५०० मीटर धाव लागेल. भरतीला एवढे पाणी दिसते, पण ओहोटीला चिखल उघडा पडतो. शिवाय २०१५ मध्ये खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. पक्ष्यांचे थवे आणि विमाने एकत्र नांदत नाहीत. तेव्हा आपली नौका कागदावर आणि पडद्यावरच राहिलेली बरी. मात्र मुलांना हिवाळ्यात खाडीवर जरूर न्यावे. रोहित पक्षी उडण्यापूर्वी उथळ पाण्यावरून पावले टाकत धावतो. उचल पुरेशी होईपर्यंत वेग गाठायचा, हे गणित त्यालाही चुकलेले नाही.